वॉल क्लाइंबिंगमध्ये जुने लोक चढण्याआधी भिंतीकडे इतका वेळ काय बघतात?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपासून नागपुरात वॉलवर सराव करताय, पुल-अप्स पंधरा निघतात, तरी अर्ध्या भिंतीवर पोचेपर्यंत हात दगड होतात. आणि तुमच्यापेक्षा वयानं मोठी, अंगानं बारीक माणसं खाली उभी राहून नुसती बघतात नि मग आरामात चढून जातात. ती बघतात तरी काय?

मी चौदा वर्षं चढतेय, रविवारी मुलांना शिकवते. माझं उत्तर असं की ती होल्ड, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या पकडी, बघत नाहीत, हालचाल बघतात. नव्या माणसाला लाल होल्ड, मोठा होल्ड, लांबचा होल्ड असं दिसतं. मुरलेल्याला तोच होल्ड ‘डाव्या हातानं आडवा ओढायचा, पण त्याआधी उजवा पाय वर यायला हवा’ असा दिसतो.

इटलीतल्या संशोधकांचा 2010 सालचा एक प्रयोग मी मुलांना नेहमी सांगते. नवख्या आणि तरबेज क्लाइंबरना तीन रूट, म्हणजे होल्डवरून वर जाणाऱ्या वाटा, दाखवले: एक सोपा, एक अवघड, आणि एक कुणालाच चढता येणार नाही असा. मग कुठले होल्ड होते ते आठवायला लावलं. सोप्या रूटवर दोन्ही गट सारखे, अशक्य रूटवरही सारखे. फक्त अवघड रूट तरबेज लोकांना जास्त आठवला. त्यांची नुसती स्मरणशक्ती तल्लख असती तर तिन्ही रूट जास्त आठवले असते ना? त्यांचं शरीर जो रूट मनातल्या मनात चढू शकत होतं, तोच लक्षात राहिला. खाली उभे राहून ते हवेत हात फिरवताना दिसतात, ते याचसाठी.

स्पीड क्लाइंबिंगची, म्हणजे कोण आधी वर पोचतं या शर्यतीची, गोष्ट वेगळी. तिथे 15 मीटरच्या भिंतीवरचे होल्ड जगभर एकाच मांडणीत असतात, हालचाल हजारदा घोटलेली असते, म्हणून 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुष पाच सेकंदांच्या आत वर पोचले. लीडमध्ये, म्हणजे कोण जास्त उंच जातं या स्पर्धेत, रूट नवा असतो, बघायला मोजकी मिनिटं मिळतात आणि अंतिम फेरीत आधीच्या स्पर्धकाला चढताना बघूही देत नाहीत. तिथे रूट खालून वाचता येणं हेच अर्धं चढणं.

आता तुमच्या हातांकडे येते. मूठ जोरात आवळली की कोपराखालचे स्नायू त्यांच्यातल्याच रक्तवाहिन्या दाबतात, रक्त नीट फिरत नाही आणि हात पंप होतो, म्हणजे फुगून दगड होतो. ताकदवान नवखा माणूस गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळतो, कारण पुढे काय करायचं हे त्याला भिंतीवर लटकून ठरवावं लागतं. विचार करायचा सगळा वेळ बोटांवर पडतो.

मागच्या पावसाळ्यात काटोलकडचा एक मुलगा आला होता. भिंत त्यानं पहिल्यांदाच पाहिलेली, मागून घेतलेले बूट एक नंबर मोठे. हात सरळ ठेवून लटकला. मान वळवून उजव्या पायाकडे बघत राहिला, अंगठा होल्डवर नीट टेकेपर्यंत नजर हलवली नाही. मग कंबर हळूच उजवीकडे, पायाच्या बरोबर वर आणली. डावा पाय आपोआप सुटला. आणि तेव्हा कुठे हात वर गेला, तोही सावकाश. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला, “जांभळावर चढतो न मॅडम. फांदी हातानं ओढली तं कडकन मोडते. पायावर उभं राहूनच हात न्या लागते.” जांभळाचं लाकूड खरंच ठिसूळ असतं. त्या झाडानं त्याला जे शिकवलं होतं ते आमच्याकडे दंडात ताकद असलेल्या पोरांना वर्षभर सांगूनही पटत नाही: आधी पाय, मग कंबर, सगळ्यात शेवटी हात.

येत्या रविवारी तुम्हाला येणाराच एखादा रूट घ्या. दोन मिनिटं बघा, मग भिंतीकडे पाठ करून सोबत्याला तो सांगा. तुम्ही फक्त हात सांगाल, पाय येणारच नाहीत, मी पैजेवर सांगते. पुन्हा बघा आणि प्रत्येक हातामागे पाय कुठे असेल तेही सांगा. हात झटकून दम घ्यायची एक जागा खालूनच ठरवा, कारण वर गेल्यावर ती शोधायला सवड नसते.

चढताना हात उचलण्याआधी बोटं किंचित सैल करून पाहा. सैल होत असतील तर वजन पायावर आलंय. हात सोडताच अंग दारासारखं उघडून फिरायला लागलं, तर कंबर चुकीच्या बाजूला आहे; मोकळा पाय दुसऱ्या पायाच्या मागून पलीकडे ताणा, तोल सावरतो. उतरल्यावर सोबत्याला विचारा की सांगितलेलं आणि केलेलं पहिल्यांदा कुठे वेगळं झालं. पुढच्या वेळी खाली उभं राहून त्याच होल्डपाशी जास्त थांबा.

सध्या ऊन आहे, म्हणून सकाळी सहालाच जा. आठनंतर होल्ड तापतात, तळवे घामेजतात, आणि मग चॉक (घाम टिपायची पांढरी पूड) कितीही लावला तरी माणूस आवळायलाच लागतो.