भाड्याच्या गाडीने कोकण किनारा: आधी तिथी बघा, मग बुकिंग करा

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात पाच दिवस, पुण्यातून सेल्फ-ड्राइव्ह गाडी, बरोबर सत्तरीच्या आई आणि आठ वर्षांची मुलगी. अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा गाठून परत यायचं, तर जमेल का?

गाडी जाऊन येईल, पण आईंचे हाल होतील आणि समुद्र खिडकीतूनच बघून होईल. माझं स्पष्ट मत, गोवा काढा, अलिबागही काढा आणि जमलं तर एक दिवस वाढवा. दिवेआगर ते रत्नागिरी एवढाच पट्टा घ्या. मी हा पट्टा बऱ्याच वेळा केलाय, त्यातल्या दोन खेपा भाड्याच्या गाडीने, आणि अजूनही दरवेळी काहीतरी बघायचं राहतंच.

या रस्त्यावर किलोमीटर मोजून काही कळत नाही, खाड्या मोजाव्या लागतात. तुमच्या वाटेत तीन मोठ्या येतील. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी आणि जयगडला शास्त्री. तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे जायचं (तिकडची माणसं जंगलजेटी म्हणतात, तसंच विचारा). बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. पाण्यावरची वेळ थोडीच असते, पण बोट चुकली तर वळसा मोठा. दाभोळची बोट नाही मिळाली तर चिपळूणवरून फिरून गुहागर. शास्त्रीवर निदान राई-भातगावचा पूल आहे. एकदा अंधार पडल्यावर दाभोळला पोचलो तर शेवटची बोट गेलेली. बरोबर वडील होते. तो रात्रीचा चिपळूणचा वळसा अजून आठवतो. म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या घरच्यांनाच विचारायचं, पहिली बोट कधी, शेवटची कधी. त्यांना पक्कं माहीत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉटेलं शोधण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. कोकणात भरती काढायचा जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याला तीनाने गुणा, चाराने भागा. येईल त्या वाजण्याच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. दशमीला दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. म्हणजे पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ साडेसाताला आणि ओहोटी दुपारी दीडला. शुद्ध असो वा वद्य, गणित तेच. रोज भरती साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे एका दिवसाची वेळ हाती आली की पुढचे दिवस आपोआप बसतात. निघायच्या आधी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ताडून घ्या, पण बेत आखायला हा हिशोब पुरतो.

एवढं का सांगतोय? तुमच्या वाटेवरच्या दोन जागा नेमक्या उलट वेळा मागतात. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा (ती देवळाखालच्या खडकांवरून होते) ओहोटीलाच करायची, हेदवीची बामणघळ (समुद्राचं पाणी उसळतं ती खडकातली चीर) भरतीलाच बघायची. पहिल्यांदा मी वेळ न बघता हरिहरेश्वरला गेलो होतो. पायऱ्या उतरून खडकांवर आलो, तेव्हा पाणी चढत होतं. अर्ध्या वाटेवर एक लाट गुडघ्यापर्यंत आली आणि बायकोचा हात धरून तसेच मागे फिरलो. तिथे माणसं वाहून गेली आहेत. मुलगी बरोबर असताना ओहोटीखेरीज त्या पायऱ्या उतरूच नका. आईंनी वरती देवळातच बसावं, पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत.

म्हणून मी तुम्हाला शुद्ध नवमीला निघायला सांगेन. नवमीला पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. दीडशे किलोमीटरच्या वर थोडं, दुपारी जेवायला पोचता. पोफळीच्या वाडीतलं घर घ्या आणि संध्याकाळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, चाला, बाकी काही करू नका.

दशमीला सकाळी घाई नाही. दिवेआगर, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन हा रस्ता या सगळ्या सहलीतला माझा सगळ्यात आवडता. डोंगराची कड आणि पाणी यांच्यात जेमतेम रस्ता मावेल एवढीच जागा. दोन तास द्या. आपण दक्षिणेला जात असतो आणि समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणून आईंना ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत बसवा. डावीकडे बसणाऱ्याला दिवसभर डोंगरच दिसतो. हरिहरेश्वरला साडेबाराच्या आसपास पोचा, ओहोटी लागत आलेली असेल. प्रदक्षिणा करून बागमांडल्याची बोट धरा. पलीकडे वेश्वी, बाणकोट, वेळास, केळशी, आडे, पाडले करत आंजर्ले. वेळासची कासवं मुलीला दाखवायची असतील तर डिसेंबर उपयोगाचा नाही. पिल्लं समुद्रात जाताना बघायला साधारण फेब्रुवारी ते एप्रिल यावं लागतं, त्यासाठी पुढे वेगळी चक्कर मारा.

एकादशीला गाडी हलवायचीच तर हर्णैपर्यंत. सकाळी कड्यावरचा गणपती, तिथून सुवर्णदुर्ग पाण्यात बसलेला दिसतो. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आपले जे किल्ले गेले, त्यात हाही आहे. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा. मुलीला नक्की घेऊन जा, आठ वर्षांच्या पोरीला पापलेट आणि सुरमई ताटाबाहेर बघायला मिळणं मोठी गोष्ट आहे. आणि शुद्ध पक्ष मी मुद्दाम सांगितला, कारण त्या रात्री आंजर्ल्याच्या पुळणीवर चांगलं चांदणं असेल.

द्वादशीला दापोली, दाभोळ, बोट, गुहागर. हा छोटा दिवस आहे. त्रयोदशीला मात्र लवकर निघा. तेराचा हिशोब पावणेदहा येतो, आणि पौर्णिमा जवळ आल्याने उधाणाची भरती. वेळणेश्वर मागे ठेवून साडेनऊला हेदवीत हजर व्हा. खडकाच्या चिरेत पाणी शिरतं आणि घुमून उसळी मारत वर येतं, ती बामणघळ. कडेपासून लांब उभे राहा, मुलीचा हात सोडू नका. मग वरती दशभुज गणेश, तिथून तवसाळची बोट आणि जयगडमार्गे मालगुंड. केशवसुतांचं हे गाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. मुक्काम गणपतीपुळ्याच्या गर्दीत न करता इथेच करा.

शेवटच्या दिवशी आरे-वारे करत रत्नागिरी, आणि तिथून आंबा घाट चढून मलकापूर. मलकापूरहून कराडला निघालं की कोल्हापूरचा फेरा वाचतो. हा दिवस लांबच आहे, सकाळी सातला निघा.

आता गाडी. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतील तरच ती भाड्याने द्यायची परवाना असलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी. पांढऱ्या पाटीची कुणाची खाजगी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका, अपघात झाला तर विम्यावरून हात वर करतील. सगळं मिळून आठशेच्या आसपास किलोमीटर होतील, हजाराचं पॅकेज घ्या. गाडी जमिनीपासून उंच असलेली मागा. यामागेही भरती-ओहोटीच आहे. ओहोटीला धक्क्याचा उतार लांब उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि बोटीच्या फळीशी बुटक्या गाडीचा बंपर घासतो. दशमीला बागमांडल्याला तुम्हाला असाच उतार मिळेल, तेव्हा आईंना आधी चालत बोटीवर पाठवा आणि मग गाडी चढवा. काही ठिकाणी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात, बोटीवरची पोरं हात करतात तसंच करा. माझ्या डिपॉझिटमधून एकदा बंपरच्या खालच्या ओरखड्याचे पैसे कापले होते. तो ओरखडा जुनाच होता, पण माझ्याकडे पुरावा नव्हता. तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना खाली वाकून, बंपरच्या पोटापासून चाकांच्या रिमपर्यंत व्हिडिओ काढतो आणि मालकाला तिथल्या तिथे पाठवतो.

पुळणीवर गाडी घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. ओली वाळू कडक वाटते, चाक रुतलं की भरती थांबत नाही, आणि खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान भाड्याच्या करारात बहुतेक वेळा तुमच्याच माथी असतं. पेट्रोल माणगाव आणि दापोलीला टाकी भरून घ्या. बोटीसाठी सुटे पैसे ठेवा, धक्क्यावर रेंज जाते.

आणि जेवणाचं सकाळी दहाच्या आत फोन करून सांगा. घरगुती खाणावळीत माणसं मोजून भात लावतात, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच.