आधी बघ, मग हस

प्रिय पोरी,

रविवारी तू गेलीस तेव्हा बशीतले पोहे तसेच होते, वरची तर्री साकळून गेली होती. तू दोन गोष्टी सांगितल्यास. दवाखान्यातल्या तुझ्या साहेबांनी शेरा मारला, ‘चेहऱ्यावर स्माईल नसते’. आणि त्याच आठवड्यात एका पेशंटचा भाऊ खिडकीवर हात आपटून ओरडला, ‘आमचा माणूस आत तडफडून राहिला अन् तुले हासू येऊन राहिलं?’ मग हसायचं की नाही, काकू? एवढं विचारून तू फोन काढलास आणि मला तो हसायला शिकवणारा व्हिडिओ दाखवलास. दातात पेन आडवा धरायचा, आरशासमोर उभं राहायचं, रोज दहा मिनिटं.

तो पेन आधी खाली ठेव. १९८८ साली काही मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना, कुणाला दातात तर कुणाला ओठांत, पेन धरायला लावून व्यंगचित्रं दाखवली. दातात धरल्याने ज्यांचं तोंड हसल्यासारखं ताणलं होतं, त्यांना ती जास्त गमतीची वाटली. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर तसा फरक हाती लागला नाही. त्यांचा वाद अजून चालू आहे, चालू दे. तुझं दुखणं तोंडाचं नाहीच आहे. तू हसतेस तेव्हा बघत नाहीस.

आधी बघ, मग हस. मला इतकंच सांगायचंय, पण ते कळायला माझी निम्मी नोकरी गेली, म्हणून पत्र लांबेल.

आम्हाला बँकेत एकदा दोन दिवसांचं ग्राहकसेवेचं प्रशिक्षण झालं होतं. परत आलो तर प्रत्येक काउंटरवर तो पिवळा हसरा गोळा चिकटवलेला, तुझ्या खिडकीवर आहे तसाच. तो गोळा हार्वे बॉल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९६३ साली काढला, एका विमा कंपनीसाठी. तिथली माणसं दुसऱ्या एका कंपनीशी विलीनीकरण झाल्यावर खट्टू झाली होती, त्यांना खुलवायला. त्याला ४५ डॉलर मिळाले. म्हणजे बघ, हा गोळा मुळात काढला गेला तो काउंटरच्या आतल्या उदास माणसांसाठी. आपण तो काचेवर बाहेरच्या बाजूला लावला.

तर नोव्हेंबरची एक तारीख. पेन्शनचा दिवस, त्यात हयातीचे दाखले द्यायला आलेली म्हातारी माणसं, रांग पार जिन्यापर्यंत. एक काका पुढे आले. धोतर, टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. मी मान वर न करताच प्रशिक्षणात शिकवलेलं हसू लावलं, ‘बोला काका!’ त्यांनी कागद सरकवला. बायकोचा मृत्यूचा दाखला होता, जोडखात्यातून नाव काढायचं होतं. मी तो वाचला, तारीख बघितली, शिक्का उचलला आणि विचारलं, ‘झेरॉक्स आणली का?’ तोंडावरचं हसू तसंच. ते काढायला विसरले होते मी, बाहेरून आल्यावर चपला काढायला विसरावं तसं.

ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, ‘हासाले काय झालं जी, बाई?’

तुझ्या त्या भावाने काच तरी वाजवली. या काकांनी पिशवीची घडी घातली, पासबुक छातीच्या खिशात ठेवलं आणि झेरॉक्स आणायला खाली उतरले. परत आले तेव्हा माझा जेवणाचा डबा उघडला होता, त्यांचं काम दुसऱ्याने केलं. मला त्यांचा चेहरा आजही आठवत नाही. कारण तो मी पाहिलाच नव्हता.

आता तू म्हणशील, काकू, गर्दी होती. होतीच. रोकडही माझ्याकडेच होती, आणि नोटा मोजणाऱ्याने माणसांकडे बघत बसलं की गड्डी चुकते. चुकली तर भरपाई पगारातून. ती कुणी दिली असती? साहेबांनी? मी आळशी नव्हते, उद्धट नव्हते. तीन माणसांचं काम एकटी करत होते. हे मी त्या काकांना मनातल्या मनात किती वर्षं सांगत आलेय, ते राहू दे.

त्यानंतर मी हट्टाने हसणंच सोडलं. दोन वर्षं. गोपनीय अहवालात ‘वागणूक कोरडी’ असं आलं, मी त्यावर सही केली आणि स्वतःला मोठी प्रामाणिक समजले. तीही न बघण्याचीच तऱ्हा होती, हे उशिरा कळलं. म्हणून साहेबांवरच्या रागापायी तोंड शिवून बसू नकोस. हा मूर्खपणा माझा करून झालाय, तुला पुन्हा करायची गरज नाही.

मला शिकवलं गोकुळपेठ बाजारातल्या एका भाजीवालीने. ती तराजू खाली ठेवायची, कोण आहे ते बघायची, मग हसायची आणि वर सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) चार काड्या टाकायची. आई गेल्यावर आठवड्याभराने मी भाजीला गेले. कुणालाच काही बोलले नव्हते. तिने नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं आणि हसली नाही. गोणपाट झटकून म्हणाली, ‘बसा जी ताई, पाणी घ्या.’

कळलं ना? बघितल्यावर कधीकधी हसायचं नसतंच. साहेबांच्या शेऱ्यात ही सोय नाही, तुझ्या डोळ्यांत आहे.

आणि डोळ्यांचं म्हणशील तर १८६२ सालीच ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याला विजेचे झटके देऊन ते लिहून ठेवलंय. ओठांचे कोपरे ओढणारा स्नायू हुकूम पाळतो, डोळ्याभोवतीचा सहसा पाळत नाही, तो खऱ्या आनंदानेच आवळतो. (काहींना तोही मुद्दाम आवळता येतो म्हणे. राजकारण्यांना असेल.) नागपूरच्या माणसाला यासाठी फ्रान्सला जायला नको. मे महिन्यात सिग्नलला उभी राहा. सगळ्या पोरी दुपट्ट्याने तोंड बांधलेल्या, दिसतात ते फक्त डोळे. तरी शेजारच्या स्कूटीवरची ओळखीची हसली की आपल्याला कळतं की नाही?

ओळख ना पाळख, कशाला दात दाखवायचे, असं तुझी आई म्हणते. ती चूक नाही. समोरच्याची नजर बरी वाटली नाही तर सरळ टोकन दे आणि ‘पुढे’ म्हण. पण तेसुद्धा बघूनच कळेल ना!

उद्या ड्युटीवर एवढंच कर. कागद हातात घेण्याआधी एक श्वासभर समोरच्याकडे बघ. पुढे चेहरा काय करायचं ते करेल. शेरा आला तर येऊ दे.

आता एक कबुली. रविवारी तू बेल वाजवलीस, मी दार उघडलं, तोंडभर हसून म्हटलं, ‘ये गं, किती बारीक झालीस!’ आणि पोह्यांना फोडणी द्यायला आत पळाले. तू जिन्यात रडून आली होतीस. ते मला दिसलं तुझे पोहे गार झाल्यावर.

पुढच्या रविवारी ये. तर्री वेगळ्या वाटीत ठेवीन. बेल वाजवल्यावर जरा थांब मात्र, चष्मा घालून दार उघडीन.

तुझी
काकू