चिंचोके, सूत आणि पावसाची सुट्टी

पोरी,

अनेक आशीर्वाद.

शाळेला पावसाची सुट्टी पडेल त्या दिवशी चाळीतली नऊ लेकरं सांभाळायचं तू कबूल केलंस. खोली एक, वयं चारपासून बारापर्यंत, खर्चाला जवळपास काहीच नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्या सोलापूरचा पाऊस कोकणासारखा नव्हे. जून-जुलैत ढग दाटतात, वारा सुटतो, चार थेंब पडतात. जोराचा पाऊस सप्टेंबरात, आणि तोही एका रात्रीत. सकाळी सातला निरोप फिरतो की आज शाळा बंद, आठला लेकरं तुझ्या दारात. तेव्हा सामान शोधत बसलीस तर दिवस हातचा गेला. बुटाचा एक रिकामा खोका आजच भरून ठेव: वीस-पंचवीस चिंचोके, जुन्या लग्नपत्रिका, बोथट टोकाच्या दोन कात्र्या, खडू, मेणबत्ती, फूटपट्टी, चिकटपट्टी, चौकटीची एक गणिताची वही आणि पिशवीभर सूत. सूत विकत आणू नकोस. यंत्रमागाच्या कारखान्यात कांडीवर उरलेलं, गुंता झालेलं सूत निघतच असतं. शहराच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत राहून ते मागायला लाजायचं कारण नाही.

आता मुद्द्याचं. तयार खेळ लेकरांपुढे ठेवू नकोस. विकतचा सापशिडीचा पट तासाभरात कोपऱ्यात जाऊन पडतो. खेळाचं सामान त्यांच्याकडूनच करून घे, म्हणजे सकाळ करण्यात जाते आणि दुपार खेळण्यात. शिवाय स्वतः घासलेला चिंचोका कुणी हरवत नाही.

चौकाबाऱ्यापासून सुरुवात कर. कुणी त्याला चल्लस-आठ म्हणतं. चार चिंचोके लागतात, एक बाजू तपकिरी, दुसरी घासून पांढरी केलेली. शहाबादी फरशीवर चार थेंब पाणी टाकायचं आणि चिंचोक्याची चपटी बाजू गोल गोल घासायची. कोरडं घासलं की चिंचोका तापतो, आणि तापला की शेजारच्याच्या दंडाला चटका देण्याचा मोह कुठल्याच लेकराला आवरत नाही. पाणी असलं की हे भांडण होत नाही. पांढरा भाग दोन्ही टोकांपर्यंत पोचला पाहिजे. मधेच टिकलीएवढं पांढरं दिसल्यावर लेकरं थांबतात. मग तो चिंचोका पांढऱ्या बाजूवर नीट बसत नाही आणि दान एकाच अंगाला पडत राहतं. खात्रीसाठी प्रत्येक चिंचोका वीस वेळा टाकायला लाव. नऊ-दहा-अकरा वेळा पांढरा आला तर ठीक, पंधरा वेळा आला तर पुन्हा घासा.

पट पाच बाय पाच घरांचा. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि अगदी मध्यावर एक फुली. ओल्या हवेत फरशीवरचा खडू पायाने पुसला जातो, म्हणून पट पुठ्ठ्यावर काढा. प्रत्येकाच्या चार सोंगट्या: बटणं, बाटलीची झाकणं, खडे, शेंगांची टरफलं. चौघांना चार वेगळे प्रकार द्यायचे. आपल्या बाजूच्या फुलीवरून निघायचं, बाहेरच्या सोळा घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, मग आतल्या आठ घरांत शिरून घड्याळाच्या दिशेने फिरायचं आणि शेवटी मधल्या फुलीत. जितके पांढरे वर तितकं दान. एकही पांढरा नसेल तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचं. दुसऱ्याची सोंगटी असलेल्या घरात आपण पोचलो तर ती मेली, पुन्हा पहिल्यापासून. फुलीवर मात्र कुणी मारायचं नाही. आणि एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. हा शेवटचा नियम खेळ सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांकडून म्हणवून घे, निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. सहा-सात वर्षांच्यांना दोनच सोंगट्या दे, नाहीतर ते अर्ध्यातून उठतात.

मोठ्यांना वहीत दानं मांडायला सांग. चिंचोके नीट घासलेले असले तर चौसष्ट वेळा टाकून साधारण चारदा चार, चारदा आठ, सोळादा एक, सोळादा तीन आणि चोवीसदा दोन पडायला हवेत. अगदी तंतोतंत येणार नाही, पण दोन सगळ्यांत जास्त का पडतो यावर बारा वर्षांचा मुलगा तासभर डोकं खाजवतो. तू लगेच उत्तर सांगू नकोस.

चार-पाच वर्षांच्या हाती मात्र चिंचोका द्यायचाच नाही. ते तोंडात घालतात, नाकात घालतात, आणि नाकातला चिंचोका ओलाव्याने फुगतो. असं झालंच तर चिमट्याने कोरू नकोस, सरळ डॉक्टरकडे ने. धाकट्यांना झाकणं आणि डबे दे, एकात एक घालणं-काढणं त्यांना पुरतं.

दुसरं मोठं काम विणकामाचं, आणि ते एका दिवसात संपत नाही हाच त्याचा गुण. खोक्याचा पुठ्ठा पंधरा सेंटीमीटर रुंद, वीस उंच काप. कापताना पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असं बघ. आडव्या आल्या तर सूत ताणल्याबरोबर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो आणि मग काहीही करून सरळ होत नाही. वरच्या आणि खालच्या काठाला एकेक सेंटीमीटरवर अर्धा सेंटीमीटर खोल खाचा पाड. दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर सोडलं की चौदा खाचा बसतात. सुताचं टोक मागे चिकटपट्टीने डकव आणि खाचेतून खाली-वर, खाली-वर ओढत चौदा उभे धागे घे. हा ताणा. याला तीन मीटरभर सूत लागतं. बोटाने छेडल्यावर धागा किंचित हलला पाहिजे. सतारीसारखा वाजला तर फार ताणलाय.

बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, बारीक सूत एकेरी घेतलंस तर लेकरं कंटाळून जातील. सहा पदर एकत्र घे. एका सेंटीमीटरात तीनेक ओळी बसतात, म्हणजे पुऱ्या पुठ्ठ्याला अशा सहापदरी सुताचे नऊ-दहा मीटर धर. ते मीटर-मीटरचे तुकडे करूनच दे, लांब दिलं की गुंता होतो आणि गुंता सोडवणं तुझ्या गळ्यात पडतं. बाणा ओढून न्यायला धोटा म्हणून आइस्क्रीमची काडी, टोकाला खाच पाडून. एका धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, असं टोकापर्यंत. परतताना ज्याच्या वरून गेलो त्याच्या खालून. मग डोक्याची जुनी फणी घेऊन ओळ खाली दाबायची. मागावरच्या त्या भागालाही फणीच म्हणतात, हे घरी माग असलेलं पोर तुलाच सांगेल.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. दहा-बारा ओळींनंतर कापड मधे आत ओढलं जातं, डमरूसारखं दिसायला लागतं. लेकराला वाटतं सूत कमी पडलं. तसं नसतं, बाणा सरळ रेषेत ताणून घातला की तो काठाचे धागे आत खेचतो. बाणा घालताना तो मधे डोंगरासारखा उंच ठेवायचा आणि मग फणीने आधी मध्य, नंतर दोन्ही बाजू दाबायच्या. डोंगराचं जास्तीचं सूत वर-खाली वळणं घेण्यात जिरतं आणि काठ जागेवर राहतो. हे सांगून समजत नाही. लेकराचा हात धरून दोन ओळी घालून दाखव.

दहा-बारा वर्षांच्यांना गणिताची वही दे. जेकार्ड चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. एक उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, रंगवलेली चौकट म्हणजे तिथे तो धागा वर. चौदा चौकटींच्या रुंदीत मोर बसणार नाही. पायऱ्या, चौकोन, इंग्रजी व्ही बसतो. एका धाग्याने सलग चारपेक्षा जास्त ओळी वर राहायचं नाही एवढं बजाव, नाहीतर तिथे सूत लोंबतं आणि बोट अडकतं.

तिसरा खेळ आपल्या गावालाच जमणारा. तुझ्या नऊ लेकरांत घरी तेलुगू बोलणारी असतील, कन्नड असतील, उर्दू असतील. लग्नपत्रिकांचे सात बाय पाच सेंटीमीटरचे बत्तीस तुकडे कर. आठ शब्द, प्रत्येक चार भाषांत. पाऊस, वान, मळे, बारिश. बेडूक, कप्प, कप्पे, मेंढक. वाघ, पुली, हुली, शेर. दूध, पालु, हालु, दूध. भाषेप्रमाणे कोपऱ्याला चार रंग दे, म्हणजे दोन ‘दूध’ वेगळे राहतील. ज्यांना देवनागरी येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढा. उरलेले चार शब्द लेकरांनी घरी विचारून आणायचे, मोबाइलमधून नाही, कारण आपल्याकडची बोली मोबाइलला ठाऊक नसते. पत्ते वाटून एका शब्दाचे चारही पत्ते गोळा करायचे, आणि मागताना समोरच्याच्या भाषेत मागायचं. चारेक डाव झाले की कुणीतरी ओरडतं: तेलुगूत पालु तर कन्नडात हालु, पुली तर हुली! मग त्यांना विचार, तेलुगूत फुलाला पुव्वु म्हणतात, तर कन्नडात काय असेल? हूवु. ज्याला हे आपलं आपण सुचलं तो त्या दिवशी राजा.

पाऊस मोजायला एक लिटरची सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घे. खांद्यापाशी काप (हे तू स्वतः कर), वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसव. तळ खडबडीत असतो, म्हणून तळाशी खडे घाल आणि ते बुडून वर सरळ भाग लागेपर्यंत पाणी ओत. तिथे शून्याची खूण. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटपट्टीखाली डकव. बाटलीचं कापलेलं तोंड आणि अंग सारख्याच रुंदीचं, म्हणून पट्टीवर दिसेल तेवढाच पाऊस. बाटली भिंतीजवळ, झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली ठेवली तर आकडा खोटा. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, तुम्हीही तेव्हाच मोजा आणि मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणा. ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर खात्याच्या भाषेत तो जोरदार पाऊस. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा बाय वीस फुटांचा पत्रा सुमारे साडेअठरा चौरस मीटर भरतो. दहा मिलिमीटर पावसात त्यावरून १८५ लिटर पाणी वाहून जातं. घरात किती घागरी पाणी भरतात ते लेकरांना माहीत असतंच, भागाकार त्यांना करू दे.

सप्टेंबरचा पाऊस बहुतेक दुपारनंतर गडगडाट घेऊन येतो. तेव्हा गच्चीवर कुणी नाही, बाटली बघायलासुद्धा नाही. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजायला लाव, तीन सेकंदांना एक किलोमीटर. धाकटी लेकरं घाबरायचं विसरून मोजत बसतात.

होड्या घमेल्यातच सोडायच्या, गटाराच्या पाण्यात नाही. वर्तमानपत्राचा कागद लगेच पाणी पितो. वहीच्या पानाला मेणबत्ती घासली की होडी बराच वेळ टिकते. किती खडे घेऊन बुडते याची शर्यत लाव. कागदाच्या लगद्याच्या वस्तू या दिवसांत करूच नकोस, चार दिवस वाळत नाहीत आणि बुरशी धरते. काळ्या मातीचे बैल करायचे असतील तर मातीत तिसरा हिस्सा बारीक वाळू आणि कापलेल्या सुताची चिमूट मळ. नुसती काळी माती वाळताना आक्रसते आणि पाय तुटतात.

अकरा वाजता भूक लागते, तेव्हा भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी कुटायची. दोन वाट्या शेंगदाणे तू भाजून दे, ओल्या हवेत ते मऊ पडलेले असतात. काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे आधीच वेचून टाक. सालं लेकरं चोळून काढतील. नऊ-दहा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, मीठ घालून खलबत्त्यात पाळीपाळीने वीस-वीस ठोके, तेल सुटेपर्यंत. दोन चमचे तिखट अगदी शेवटी आणि तुझ्याच हाताने, नाहीतर तोच हात डोळ्याला लागतो. कडक भाकरीचा डबा झाकून ठेव, उघडा राहिला की तासाभरात ती चिवट होते.

कुणाच्या घरात ओढायच्या विड्या वळायचं सूप असेल तर लेकरं जमायच्या आधी ते उंचावर ठेवायला सांग. पान आणि तंबाखू धाकट्यांच्या हाती लागता कामा नये.

आणि संध्याकाळी आया यायच्या आत खोली झाड. सुताचे तुकडे केरसुणीला गुंडाळले जातात, म्हणून आधी ओलं फडकं फिरव, ते गोळा होऊन येतात. गोळा पुन्हा पिशवीत टाक. मातीच्या बैलांना लागेल.

तुझी,
मावशी