टोटल लॉसची रक्कम कमी देताहेत? भांडण बाजारभावावर नको, आयडीव्हीवर करा

तुमचं प्रकरण मला समजलं ते असं. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर मागून ट्रेलरने धडक दिली. गाडी २०२१ची, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसी घेताना ठरलेली गाडीची विमा किंमत, ५,६०,००० रुपये. वर्कशॉपचं एस्टिमेट ४,७०,०००. विमा कंपनी म्हणते, गाडी टोटल लॉस (दुरुस्त करणं परवडणार नाही अशी), ती तुमच्याकडेच ठेवा, आम्ही ३,९३,००० देतो, कन्सेन्ट लेटरवर (संमतीपत्रावर) सही करून पाठवा. तुमचं म्हणणं, अशीच गाडी बाजारात सव्वासहा लाखांना विकली जाते, तर निदान तेवढे तरी मिळायला हवेत.

आधी महत्त्वाचं: त्या लेटरवर अजिबात सही करू नका. त्यात 'फुल अँड फायनल' हे शब्द असतीलच. एकदा ते मान्य केलं की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

आता बाजारभाव. हा मुद्दा सोडून द्या. बॉडीशॉपच्या इन्शुरन्स डेस्कवर मी वर्षानुवर्षं बघतोय, लोक जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट पाठवत राहतात आणि त्यातच त्यांचा सगळा जोर संपतो. आपल्याकडच्या पॉलिसीत स्पष्ट अट आहे: पॉलिसीची मुदत संपेपर्यंत आयडीव्ही हीच गाडीची बाजारकिंमत धरायची आणि टोटल लॉसच्या क्लेममध्ये त्यातून आणखी घसारा कापायचा नाही. या अटीमुळे तुमचे सव्वासहा लाख बाद होतात, हे खरं. पण तुमचा खरा आधारही याच अटीत आहे.

कंपनीने पाठवलेला हिशेब नीट वाचा. ५,६०,०००मधून 'वयानुसार घसारा १० टक्के' म्हणून ५६,००० काढलेत. राहिले ५,०४,०००. त्यातून भंगाराची, म्हणजे साल्व्हेजची, किंमत १,१०,००० वजा. मग कंपल्सरी डिडक्टिबलचे, म्हणजे क्लेममधला ग्राहकाने स्वतः सोसायचा ठरलेला वाटा, १,०००. झाले ३,९३,०००. शेवटची वजाबाकी रास्त आहे, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० लागतातच. साल्व्हेजचा आकडा तपासावा लागेल, त्याकडे येतो. पण १० टक्क्यांना कसलाही आधार नाही. 'पॉलिसी घेऊन दहा महिने झाले, गाडी तेवढी जुनी झाली' असं तुम्हाला फोनवर सांगितलं गेलं. पॉलिसीची अट नेमकं हेच करू नका म्हणते. गाडीच्या वयाचा घसारा आयडीव्ही ठरवतानाच धरलेला असतो. हे १० टक्के काढून टाकले की गाडी तुमच्याकडे ठेवून ४,४९,०००, किंवा गाडी कंपनीकडे देऊन ५,५९,०००. तुमचं भांडण इथे आहे.

टोटल लॉस म्हणणं मात्र बरोबर आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. तुमच्यासाठी ती रेषा ४,२०,०००वर येते, एस्टिमेट तिच्या बरंच वर आहे. (कधी उलटही होतं. चेसिसला मार बसलेला असताना सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, 'बदला'च्या जागी 'दुरुस्त करा' लिहीत जातो आणि आकडा रेषेच्या किंचित खाली आणतो. अशा वेळी गाडी उघडून सप्लिमेंटरी (वाढीव) एस्टिमेट मागायचं.)

साल्व्हेजच्या १,१०,०००बद्दल एकच विचारा: हा भाव कुणी लावला? साधारणपणे ऑनलाइन बोली लावून घेतात. त्या बोलीची प्रत मागा, ती कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे आणि आरसीसह (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रासह) आहे की आरसी रद्द करून, हेही विचारा. आरसीसह बोली जास्त येते, आणि तीच आकडेवारीत धरून तुमच्याकडून आरसी मात्र रद्द करून घेतली, तर फरक तुमच्या खिशातून जातो. बोली लावणारा त्या भावाला खरंच गाडी उचलत असेल तर ठीक. नसेल तर लिहून कळवा की साल्व्हेज कंपनीनेच घ्यावं आणि मला ५,५९,००० द्यावेत.

फोनवर काहीही ठरवू नका. मेल करा, मराठीत लिहिलीत तरी हरकत नाही: 'क्लेम क्रमांक अमुक. सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि साल्व्हेजची बोली पाठवावी. १० टक्के घसारा पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली कापला, ते कलम लिहून द्यावं. तोपर्यंत देऊ केलेली रक्कम मला मान्य नाही.' एवढंच. राग, अपघाताचं वर्णन, किती वर्षांचा ग्राहक आहे, काही नको. कलम दाखवा म्हटलं की बऱ्याचदा याच टप्प्यावर आकडा बदलतो, कारण दाखवायला कलम नसतं. सर्व्हेयरचा रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रदीप कुमार खटल्यात स्पष्ट केलंय.

नाहीच ऐकलं तर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडे (तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे) लेखी तक्रार करा, शिवाय विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर. फी नाही, वकील चालत नाही, तुमचा मुद्दा तुम्हीच मांडायचा. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोग उरतोच. क्रम मात्र उलटा करू नका: ग्राहक आयोगात केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत.

ज्यांनी आधीच सही केलीय त्यांनीही लगेच हातपाय गाळू नयेत. सही दबावाखाली किंवा फसवून घेतली हे दाखवता आलं तर दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाचा १९९९चा निकाल आहे.

भांडण चालू असताना दोन खर्च वाढत राहतात. एक वर्कशॉपचं पार्किंग. दिवसाचा दर आजच लेखी विचारा आणि मेलमध्ये कंपनीला कळवा की उशीर कंपनीकडून होतोय. दुसरा कर्जाचा हप्ता. गाडीवर कर्ज असेल तर क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात, पण ते येईपर्यंत हप्ता चुकवू नका, सिबिल स्कोअर तुमचा बिघडतो. झिरो डेप (सुट्या भागांवर घसारा न कापण्याचं जादा कव्हर) असण्या-नसण्याने इथे फरक पडत नाही. 'रिटर्न टू इन्व्हॉइस' (गाडीची मूळ बिलाची किंमत देणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर मोठा पडतो, शेड्यूलचं पान बघा. टोइंगचं बिलही लावा, १,५००पर्यंत मिळतं.

आणि गाडी कुणी उचलली तर मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३०वर सह्या, डिलिव्हरी लेटरवर तारीख-वेळ, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. फास्टॅग बंद करा. आरसीवरचं नाव बदलेपर्यंत परिवहनच्या साइटवर बघत राहा. टोटल लॉस गाडीची आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला लावण्याचे प्रकार होतात, आणि पोलीस आधी आरसीवरच्या नावाकडे येतात.

सर्व्हे रिपोर्ट हातात आला की शेवटच्या, हिशेबाच्या पानाचा फोटो इथे टाका, नाव आणि पॉलिसी नंबर झाकून. आकडे तपासून सांगतो.