चार महिन्यांच्या बाळाचं डोकं मागून एका बाजूला चपटं झालंय. वडोदऱ्यात डोक्याला आकार देणारं हेल्मेट सुचवलंय, घ्यावं का?

लगेच नको, आधी दीड-दोन महिने डोकं टेकण्याची बाजू बदलत राहणं आणि मानेचे व्यायाम नेटाने करा. मी वडोदऱ्यातच लहान मुलांची फिजिओथेरपी करते. अशा बाळांची मान बरेचदा एका बाजूला आखडलेली असते, तेवढी कुणाकडून तरी तपासून घ्याच. जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून अनेकदा पालथं ठेवा. झोपवायचं मात्र उताणंच. मोहरीची उशी आजीने कितीही मायेने शिवलेली असो, वर्षाच्या आत उशीने गुदमरण्याचा धोका असतो. नेदरलँड्समधल्या २०१४ च्या चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणातही, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत हेल्मेट लावलेल्या आणि न लावलेल्यांत खास फरक उरला नव्हता. पण डोक्यावर हाडाचा उंचवटा हाताला लागत असेल किंवा डोक्याचा घेर वाढत नसेल, तर कवटीचे सांधे लवकर जुळल्याची शंका येते. तेव्हा बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.