फिजीत जन्मलेला क्रेग पार्कर अमेरिकन मालिकांपर्यंत कसा पोचला? आज फिजीच्या राजधानीतल्या, सुवातल्या नटाला तो रस्ता मोकळा आहे का?

पोचला तो न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमुळे. पार्करचा जन्म १९७० साली सुवाला झाला, पण तो वाढला न्यूझीलंडमध्ये आणि ओळखलाही जातो तिथलाच नट म्हणून. फिजीत चित्रीकरणं पुष्कळ होतात, पण ती समुद्रासाठी. 'कास्ट अवे'चं मोनुरिकी बेटावर झालं, अमेरिकन रिअ‍ॅलिटी शो 'सर्व्हायव्हर'चं २०१६पासून मामानुका बेटांवर होतं. मोठ्या भूमिकांतले चेहरे बाहेरूनच ठरून येतात.

पार्करचा पाया 'शॉर्टलँड स्ट्रीट'मध्ये घातला गेला. १९९२ साली सुरू झालेली ही न्यूझीलंडची इस्पितळातली मालिका, अर्ध्या तासाचा भाग, तेव्हा आठवड्याला पाच. त्यात तो गाय वॉर्नर होता. रोजच्या मालिकेत रीटेकची चैन नसते. पाठांतर पक्कं आणि कॅमेऱ्याची सवय अंगात मुरलेली, ही तिची खरी कमाई.

पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही चित्रपटत्रयी न्यूझीलंडमध्येच चित्रित झाली आणि त्याला हाल्दिर या एल्फ योद्ध्याची भूमिका मिळाली. पडद्यावर जेमतेम काही मिनिटं. कादंबरीत हाल्दिर मरत नाही, दुसऱ्या चित्रपटात मात्र हेल्म्स डीप किल्ल्याच्या लढाईत पडतो. त्या मरणानेच तो चाहत्यांच्या लक्षात राहिला, असं माझं मत.

पण करिअर उभं केलं ते अमेरिकन निर्माता रॉब टॅपर्टच्या मालिकांनी. 'हर्क्युलीस' आणि 'झीना'पासून टॅपर्ट न्यूझीलंडमध्येच चित्रीकरण करत होता, त्यामुळे स्थानिक नटांना घर न सोडता अमेरिकन काम मिळायचं. 'लेजंड ऑफ द सीकर'मधला (२००८–१०) खलनायक डार्कन राल आणि 'स्पार्टाकस'मधला रोमन सेनानी ग्लेबर ही पार्करची या गोटातली कामं. ग्लेबर त्याचं सर्वोत्तम: क्रूर, पण सासऱ्यापुढे मिंधा. इथे एक धोकाही होता, खलनायकाचा शिक्का बसण्याचा. टोरांटोत चित्रित झालेल्या 'रेन' (Reign) मालिकेतल्या नार्सिस या फ्रेंच सरदाराने तो बराच पुसला. कारस्थानी माणूस, तरी प्रेमात हळवा.

आज सुवातून प्रयत्न करणाऱ्याने आधी ऑकलंडचा एजंट शोधावा. ऑडिशन बहुतेकदा स्वतः चित्रित करून पाठवायची असते: मोबाइल आडवा, छातीपासून वर चौकट, मागे साधी भिंत, समोरचे संवाद वाचणारा कॅमेऱ्याला लागून उभा. तो माइकच्या जवळ असल्याने त्याने हळू वाचावं, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो आणि टेप वाया जाते. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही उच्चार तयार हवेत. न्यूझीलंडमध्ये काम करायला फिजीच्या नागरिकाला व्हिसा लागतो, तेव्हा एजंटशी पहिल्याच बोलण्यात तो विषय काढावा. भूमिका मिळाल्यावर धावपळ केली तर चित्रीकरणाच्या तारखा निघून जातात.