मूकपटांच्या काळातला हॉलिवूडचा विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन सिनेमात कधीच का हसत नाही? विनोदाबद्दल त्याचं स्वतःचं काय म्हणणं होतं?

त्याचा तो गंभीर चेहरा बघून बऱ्याच जणांना वाटतं की माणूस आतून दुःखी असणार. पण कीटनने याचं उत्तर मुलाखतींमध्ये पुन्हापुन्हा दिलंय आणि ते कामाशी संबंधित आहे. त्याचा जन्म १८९५चा, आईवडील वॉडविलमध्ये म्हणजे गाणी, कसरती, नकला असं सगळं असणाऱ्या स्टेज शोमध्ये, आणि हा अगदी लहान असल्यापासून त्यांच्यासोबत स्टेजवर. बाप त्याला अक्षरशः उचलून फेकायचा, त्यासाठी कपड्यांना बॅगेचं हँडल शिवलेलं असायचं. तिथेच पोराच्या लक्षात आलं की आपटल्यावर आपण हसलो तर पब्लिक हसत नाही, आणि काही झालंच नाही असं तोंड केलं की थिएटर डोक्यावर घेतात. पुढे १९१७ला फॅटी आर्बकल या विनोदी नटामुळे सिनेमात आला तेव्हा ही सवय इतकी मुरलेली होती की तो हसत नाही हे त्याला दुसऱ्यांनी विचारल्यावर कळलं. त्याचं म्हणणं एवढंच की मी कामात गुंतलेलो असायचो.

मला यापेक्षा भारी वाटतो तो त्याचा ‘द नॅव्हिगेटर’चा (१९२४) किस्सा. जहाजाला भोक पडलंय, हा पाणबुड्याचा ड्रेस घालून समुद्राच्या तळाशी दुरुस्तीला उतरलाय, आणि तिथे तो एक स्टारफिश छातीवर बिल्ल्यासारखा लावतो आणि ट्रॅफिक पोलीस बनून माशांची रहदारी सांभाळतो. रबराचे मासे, त्यांना हलवायची यंत्रणा, केवढा खटाटोप! जाहिरातीच्या तुकड्यात म्हणजे ट्रेलरमध्ये लोक यावर हसले, पण पूर्ण सिनेमात तोच सीन आला की शांतता. कारण वर जहाजावर हिरॉईन संकटात आहे आणि हा खाली खेळत बसलाय, हे प्रेक्षकांना पटेना. कीटनने सीन सरळ कापून टाकला. पूर्ण लांबीचे सिनेमे करायला लागल्यावर त्याने कार्टूनछाप अशक्य गमती पण सोडल्या, म्हणायचा की लोकांचा गोष्टीवर विश्वास बसला पाहिजे. म्हणूनच ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची जवळपास दोन टनांची भिंत खरोखर त्याच्या अंगावर पडते, तो खिडकीच्या चौकटीतून वाचतो आणि कॅमेरा लांबून सगळं दाखवतो, मध्ये कट नाही.

सिनेमाच्या धंद्याबद्दल मात्र तो कडवट बोललाय, आणि त्याला कारण होतं. स्वतःच्या स्टुडिओत तो लिखित स्क्रिप्टशिवाय काम करायचा, सुरुवात आणि शेवट ठरला की मधलं सेटवर सुचत जायचं. १९२८ला निर्माता जोसेफ शेंकने, जो त्याचा साडूच होता, त्याला एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या फिल्म कंपनीकडे जायला लावलं. चॅप्लिन आणि हॅरॉल्ड लॉइड या त्या काळच्या दोन्ही मोठ्या विनोदी नटांनी नको सांगितलेलं. तिथे प्रत्येक गोष्ट कागदावर, वर दहा जणांची मंजुरी. ‘द कॅमेरामन’ चांगला निघाला पण नंतर घसरण, दारू, आणि १९३३ला हकालपट्टी. तो करार आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक होती असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. काही वर्षांनी त्याच कंपनीत तो पगारी नोकर म्हणून दुसऱ्यांच्या सिनेमांना विनोद पुरवत होता, हे वाचताना मला अजूनही राग येतो.

बघायचं असेल तर क्लिप्स नका बघू प्लीज, त्यात नुसतं पडणं-आपटणं दिसतं. ‘नॅव्हिगेटर’ किंवा ‘द जनरल’ (१९२६) सलग बघा.